ज्याची ओळ त्याचा फोन

लीलाधर रहांगडाल्याचा समज होता की त्याला रीताचा राग येतो. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस चार शब्द बोलतो, चहा पितो आणि मोकळा होतो. राइस मिलच्या मागे भुशाचा ढीग पेटला की ज्वाळ दिसत नाही, वर हात ठेवला तर गार लागतो, आणि आत नुसतं धुमसत राहतं. लीलाधरचं तसं झालं होतं. आणि ठिणगी कुठं पडली हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. नोकरीला लागली तेव्हा रीता त्याला 'सर' म्हणायची. पावसाळा सरता सरता ती 'लीलाधरभाऊ' म्हणायला लागली. आता भाऊ म्हणण्यात वाईट काय, सगळा जिल्हा एकमेकाला भाऊच म्हणतो. पण सरावरून भाऊवर येणं ही एक पायरी उतरणं असतं, आणि ती फक्त उतरणाऱ्यालाच मोजता येते.

ऑफिस गोंदियाच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, बारदान्याच्या दुकानावरच्या माडीवर होतं. खाली रिकामी पोती, वर संगणक आणि एक फोन. मालक इंद्रकुमारजी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धानाचा व्यापार. आता ते 'धानमुनीम' नावाचा प्रोग्राम आसपासच्या राइस मिलांना देत. ट्रक आला की गेटपास, मग काटा, मग ओलाव्याची कपात, मग तांदूळ किती, कणी किती, कोंडा किती, सगळं त्यात. हा धानमुनीम लीलाधरनं एकट्यानं उभा केला होता. तेव्हा ऑफिसात तो, एक पंखा आणि खालून येणारा सुतळीचा वास, एवढीच मंडळी. मग स्वप्निल आला. पोरगा कामाचा, पण त्याच्यावर जळावं असं त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून लीलाधरचं त्याच्याशी उत्तम जमायचं. मग गोंदियाजवळच्या गोरेगावची रीता कटरे आली.

रीतानं असं केलं तरी काय? ओलाव्याची कपात. ओलं धान आलं की वजनातून किती कापायचं यावर मिलवाले आणि शेतकरी जन्मभर भांडतात. लीलाधरनं त्यावर दोन हंगाम घालवले होते, आणि त्याचा आकडा गोरेगावच्या मिलमधल्या मुनीमजीच्या हातच्या आकड्याशी कधी जुळला नव्हता. रीतानं ती फाइल पाहिली, आठ दिवस गोरेगावच्या मिलमध्ये जाऊन बसली, आणि परत येऊन एवढंसं काहीतरी लिहिलं. पडद्यावर पान सरकवायचीही गरज नाही एवढंसं. आणि ते जुळलं. इंद्रकुमारजींनी समोसे मागवले.

लीलाधरनं दोन खाल्ले आणि घरी येऊन बायकोला, अंजूला, सांगितलं, "समोसे लयच तेलकट होते."

"कोनं आनले होते?"

"मालकानं."

"कायच्या बद्दल?"

"असेच."

"असेच कोनी व्यापारी समोसे चारत नाही जी," अंजू म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. तिनं पुढं काही विचारलं नाही. तिला विचारायची गरज पडत नसे.

आता ऑफिसातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. पूर्वी मिलमधून तक्रारीचा फोन आला की तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे आणि फोन वाजत राहायचा. इंद्रकुमारजींनी नियम घातला: ज्याची ओळ त्याचा फोन. प्रोग्राम गिट नावाच्या नोंदवहीत ठेवलेला असतो, आणि गिटची एक सवय आहे. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, तिला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव ते शेजारी दाखवतं. फोन स्वप्निलच्या टेबलावर असे. तो तक्रार ऐकायचा, ती ओळ काढायचा, शेजारचं नाव वाचायचा आणि रिसीव्हर त्या माणसाच्या हातात द्यायचा. "भाऊ, तुमचा." "रीता, तुझा." स्वतःचं नाव निघालं तर तो खाकरायचा.

या नियमाचा लीलाधरला अभिमान होता. कोणतीही फाइल उघडावी, डाव्या बाजूला आपलं नाव खालपर्यंत उतरत गेलेलं पाहावं. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, उभं राहून आपलं धान बघावं तसं. मधूनच एखादी रीताची पट्टी दिसली की शेजारच्यानं धुरा कोरून हातभर आत घेतल्यासारखं त्याला वाटायचं. आणि नाव झाकलं तरी आपली ओळ तो ओळखायचा. बरोबरची (=) चिन्हं तो एकाखाली एक आणायचा, दोरी लावून धानाची रोवणी केल्यासारखी. ओळीच्या डावीकडं जागा सोडायला टॅब मारायचा. रीता टॅबच्या जागी दोन स्पेस द्यायची. स्वप्निल जे बोटाखाली येईल ते.

दसऱ्याच्या आधी घोटाळा झाला. गेटपासवर मिलचं नाव जरा मोठं छापायचं होतं. एका ओळीचं काम. स्वप्निलनं लीलाधरची फाइल उघडली, ओळ बदलली आणि सेव्ह केली. त्याच्या संगणकावर टॅबचे स्पेस आपोआप व्हायचे, त्यामुळं सगळी फाइलच बदलल्यासारखी दिसायला लागली. नेमकी खरी बदललेली ओळ कोणती हे त्या गर्दीत कोणालाच दिसलं नाही. त्याच गर्दीत एक ओळ चुकून उडालीही होती. दुसऱ्या दिवशी एका मिलचे गेटपास ट्रकच्या नंबराशिवाय छापले गेले, आणि फाटकावर ट्रकांची रांग लागली. कोणता ट्रक कोणाचा, यावर ड्रायव्हर लोकांनी जे उद्गार काढले ते इंद्रकुमारजींनी फोनवर स्वतः ऐकले.

त्यांनी तिघांना समोर बसवलं. "मुझे एक बात समझाओ. एक लाइन बदलनी थी, तो पूरी फाइल कैसे बदली?"

लीलाधरनं समजावायला सुरुवात केली. टॅब म्हणजे काय, स्पेस म्हणजे काय, एडिटर म्हणजे काय. इंद्रकुमारजींचे डोळे हळूहळू खिडकीकडं गेले, तिथून खालच्या पोत्यांकडं.

"जी, मी सांगू?" रीता म्हणाली. "आपल्या मिलमध्ये पॉलिशर राहते ना. तीन शेतकऱ्यांचा तांदूळ तीन रंगाचा येते, पॉलिशरमधून निघाला की एकसारखा दिसते. तांदूळ तोच, फक्त रूप एक. तसा एक फॉर्मॅटर राहते. फाइल सेव्ह केली की तो आपणच सगळ्यांचं लिहिणं एका रूपाचं करून टाकते. मग बदललेली ओळ तेवढी दिसते. आन्‌ दुसरा लिंटर. तो म्हणजे आपला सॉर्टेक्स. काळा दाणा दिसला की बाजूले काढते. थांब म्हणते, इथं खडा आहे."

"बस, समझ गया," इंद्रकुमारजी म्हणाले. "पॉलिशर लगाओ. सॉर्टेक्स भी लगाओ."

इतक्या वर्षांत लीलाधरचं कोणतंही बोलणं त्यांना पहिल्या दमात समजलं नव्हतं. त्यानं ते मनात एका बाजूला मांडून ठेवलं, समोशांच्या खाली.

मग कोणतं रूप ठरवायचं यावर बसले. लीलाधर तयारीनं आला होता. त्याचा विचार होता की रीता तिच्या दोन स्पेससाठी भांडेल, मग तो जुन्या माणसाचा मान काढील, स्वप्निल त्याच्या बाजूनं बोलेल, आणि पोरीला कळेल की सर कोण आणि कोण नाही.

"टॅब," तो म्हणाला. "पहिलेपासून टॅबच आहे."

"टॅब प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा दिसते भाऊ," स्वप्निल म्हणाला. "रीताचे दोन स्पेस माझ्या डोळ्याले दिसतच नाही. चार स्पेस करा ना. कोनाचंच नाही आन्‌ सगळ्यांचंच आहे."

"चालते," रीता म्हणाली.

लीलाधर तिच्याकडं वळला. "तुले दोन पाहिजे होते ना?"

"हाव, मले दोन आवडते. पण चार चालते."

"आन्‌ ओळीची लांबी?"

"तुमी म्हणान ते."

"बरोबरची चिन्हं एका रांगेत पाहिजे."

इथं मात्र रीतानं मान हलवली. "ते त्याच्यात होतच नाही भाऊ. तो पर्यायच नाही दिला त्यानं."

"कोनं नाही दिला?"

"ज्यानं फॉर्मॅटर बनवला त्यानं."

"मंग त्याच्या बापाचं खातो का आपण?"

"नाही," रीता शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तं बरं आहे. तुमचं नाही, माझं नाही, याचंही नाही. ज्याच्यावर रुसता येत नाही असा एक माणूस मध्ये पाहिजे होता."

ठरलं. लीलाधरला जवळजवळ सगळं मिळालं होतं आणि त्यात काडीची गोडी नव्हती. समोरच्यानं दोरीचं टोक सोडूनच दिलं तर रस्सीखेच जिंकणारा पाठीवर आपटतो, तसं त्याचं झालं. लिंटरचा पहिला निकालही तसाच. जुन्या फाइली वाळत घातलेल्या मिरचीच्या अंगणासारख्या लाल दिसायला लागल्या. नाव दिलं पण कुठं वापरलंच नाही, असे कितीतरी शब्द त्यात निघाले. लग्नपत्रिकेत छापलेले आणि लग्नाला न आलेले पाहुणे. बहुतेक लीलाधरच्या फाइलींत. रीताच्या फाइलीत त्यानं मोठ्या मेहनतीनं एक लाल रेघ शोधली.

"हे पाय. हे काय आहे?"

"अगा! राहून गेलं," म्हणून तिनं ते तिथल्या तिथं काढलं आणि हसली. त्याला वाटलं, निदान लाजायला तरी हवं होतं.

"मग जेवण झालं की मी फॉर्मॅटर सगळ्या फाइलींवर एकदाच चालवून देते," ती म्हणाली.

आणि तेव्हा लीलाधरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकदाच चालवलं म्हणजे प्रत्येक ओळीला हात लागणार. जिचा हात तिचं नाव. जेवण झाल्यावर, ताक पिता पिता, ही पोरगी सगळा धानमुनीम आपल्या नावावर चढवून घेणार. धुरा कोरणं राहिलं बाजूला, सात-बाराच फिरवायला निघाली होती.

"मी चालवतो," तो म्हणाला.

"चालवा ना. फक्त एक छोटी फाइल संगं टाका लागते भाऊ, तिच्यात त्या कमिटचा नंबर..."

"मले नोको शिकवू."

"नाही, शिकवून नाही राहिली, तिच्यानं का होते की नाव..."

"रीता. हा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा तू दहावीत होती."

रीता आपल्या पडद्याकडं वळली. स्वप्निलनं वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं. लीलाधरनं कमांड दिली. पडद्यावरून फाइलींची नावं सरसर वर गेली, आणि त्यानं ते सगळं स्वतःच्या नावानं गिटमध्ये जमा, म्हणजे कमिट, करून टाकलं.

नंतर तो बराच वेळ एकेक फाइल उघडून बघत बसला. लीलाधर रहांगडाले. लीलाधर रहांगडाले. स्वप्निलची बिलं, लीलाधर रहांगडाले. मग त्यानं हळूच ओलाव्याच्या कपातीची फाइल उघडली. तीच एवढीशी पट्टी. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत त्याचं नाव. चोरीचा आंबा खाताना येते तसली एक गोड भीती त्याच्या अंगातून गेली. संध्याकाळी घरी जाताना त्यानं जिलबी नेली.

"आज कोनाचं काय झालं?" अंजूनं विचारलं.

"काही नाही. कामाची साफसफाई केली."

"साफसफाईची जिलबी?" तिनं एक तुकडा मोडला. "त्या पोरीनं काही बिघडवलं काय?"

"प्रत्येक गोष्टीत ती पोरगी कायले आनतेस?"

"मी नाही आनत जी. थे तुमच्या संगंच येते घरी, रोज."

दिवाळी झाली. धान कापून खळ्यावर आलं, खळ्यावरून मिलकडं निघालं, आणि फोन वाजायला लागला. स्वप्निलनं तक्रार ऐकली, ओळ काढली, नाव वाचलं. "भाऊ, तुमचा." पाच मिनिटांनी परत वाजला. "भाऊ, तुमचा." बारदान्याची मोजणी चुकली, लीलाधर. बिलावर गावाचं नाव अर्धंच आलं, लीलाधर. स्वप्निलनं उन्हाळ्यात झोपेत लिहिलेला एक भाग होता, त्याच्या तक्रारीलाही लीलाधर. स्वप्निलला आयुष्यात प्रथमच फोनची रिंग आवडायला लागली. तो रिसीव्हर असा दोन्ही हातांनी द्यायचा, जसा देवळात प्रसाद देतात.

"अबे, हे तुनं लिहिलं होतं," लीलाधर एकदा कळवळून म्हणाला.

"मीच लिहिलं असन. पण नाव तुमचं आहे ना भाऊ. नियम म्हणजे नियम."

नियम म्हणजे नियम होता, आणि तो मोडायचा तर नाव आपल्याकडं का आणलं हे सांगावं लागलं असतं. लीलाधर फोन घेत राहिला. त्याचा डबा उघडा पडून गार व्हायचा. पलीकडं रीता निवांत नवीन काम करायची, आणि तिचं निवांत असणं त्याला टोचायचं. एका मिलची तक्रार आली, की ट्रकच्या नंबरात मध्ये जागा सोडली तर तोच ट्रक दोनदा नोंदला जातो. लीलाधरनं ती ओळ पाहिली. गबाळी होती. सगळ्यांच्या ओळी आता एका रूपाच्या, त्यामुळं कोणाची ते दिसायला मार्ग नव्हता; पण त्याला शंका नव्हती. "हे तिचंच काम," तो पुटपुटला. "मी असं लिहीतच नाही." आणि ती ओळ त्यानं मुद्दाम तशीच सोडली. ज्यानं केलं त्यानं निस्तरावं. मिलवाल्याला म्हणाला, नंबरात जागा सोडू नका.

मग एके दिवशी गोरेगावच्या मिलमधून केशोराव मुनीमजींचा फोन आला. स्वप्निलनं ऐकलं, फाइल काढली, नाव वाचलं आणि क्षणभर रीताकडं पाहिलं. पण तारीफ असो की तक्रार, नियम तोच. "भाऊ, तुमचा."

"रहांगडालेजी!" केशोरावांचा आवाज सगळ्या माडीवर ऐकू येत होता. "कपात तं तुमी एक नंबर बसवली हो! माझ्या हातच्या हिशेबाशी रत्तीचा फरक नाही. डोकं पाहिजे याले!"

आता इथं दोन शब्द पुरे होते. 'रीताला देतो.' लीलाधरच्या जिभेवर ते आलेही. पण कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्याला गोड बोलत होतं.

"हाव," तो म्हणाला. "बसलो होतो जरा त्याच्यावर."

रीता डबा खात होती.  तिनं फक्त डब्याचं झाकण लावलं आणि कामाला लागली. ती भांडली असती तर त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं.

फुकटची तारीफ कोण गिळू देतं? चार दिवसांनी इंद्रकुमारजी खुशीत वर आले. गोरेगावकडचे मिलवाले आणि काही मोठे शेतकरी केशोरावांच्या मिलमध्ये जमणार होते. त्यांना ही कपात समजून घ्यायची होती. पटली तर सगळेच धानमुनीम घेणार. "जिसने बनाया, वही समझाएगा," ते म्हणाले आणि स्वप्निलच्या पडद्यावर वाकले. त्यांनी नाव वाचलं. त्यांना जरा नवल वाटलं, कारण समोसे त्यांच्या लक्षात होते. पण व्यापारी माणूस लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो. "लीलाधर. ठीक है."

लीलाधर ती पट्टी वाचायला बसला. वाचता येत नव्हतं असं नाही, त्याचा हात त्यातच मुरलेला होता. मीटरची तीन रीडिंगं घ्यायची, त्यातलं पहिलं सोडून द्यायचं, उरलेल्या दोहोंवरून कपात. सगळं कळलं. फक्त पहिलं का सोडायचं, हे कळेना. त्याच्या जुन्या हिशेबात तिन्ही धरली होती. रीता हाताच्या अंतरावर बसली होती. 'काऊन गं?' एवढं विचारलं असतं तर झालं होतं. तो दोनदा तिच्याकडं वळला आणि दोनदा पाणी प्यायला. शेवटी त्यानं ठरवलं, एवढं बारीक कोण विचारतो.

गोरेगावला बाजाराचा दिवस होता. इंद्रकुमारजींच्या गाडीला बैलगाडीइतका वेळ लागला. रीताही बरोबर होती, गाव तिचं. मिलच्या अंगणात ताडपत्रीवर धान पसरलेलं, बाजूला खुर्च्या, चहा. लीलाधर उभा राहिला आणि खरं सांगायचं तर छान बोलला. गेटपास, काटा, कपात. माना हलत होत्या. इंद्रकुमारजी मनात हिशेब करत होते.

मागून पांढरा दुपट्टा घेतलेले एक शेतकरी उठले. "एक सांगा भाऊ. पहिलं रीडिंग तुमी टाकून देता. काऊन? आमचं धान पहिल्यांदा कोरडं दिसते म्हणून टाकता काय?"

 हा प्रश्न नव्हता, आरोप होता, आणि मिलवाले एकमेकांकडं बघायला लागले.

"नाही नाही," लीलाधर म्हणाला. "ते... मशीन गरम व्हाले थोडा वेळ लागते."

"मशीन तं माझी सकाळपासून चालूच राहते," केशोराव भाबडेपणानं म्हणाले. कोणीतरी हसलं. शेतकरी हसले नाहीत.

"म्हणजे तुमालेच मालूम नाही," दुपट्टेवाले म्हणाले. "आन्‌ आमी याच्यावर धान मोजाचं?"

इंद्रकुमारजींचा चेहरा उतरला. लीलाधरनं रीताकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"सांग ना," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"ओळ तुमची आहे ना भाऊ?" तितक्याच हळू ती म्हणाली. त्यात विष नव्हतं. नियम होता, एवढंच.

समोर ताडपत्रीवरचं धान उन्हात चमकत होतं. लीलाधरला खोटं बोलायला आणखी एक वाक्य सुचत होतं आणि ते पहिल्यापेक्षाही वाईट होतं. दोन हंगाम याच अंगणातल्या आकड्यांनी त्याला नाचवलं होतं. त्याला एकाएकी वाटलं, नाव जाऊ दे, पण ते का सोडायचं ते एकदा कळू दे.

"ओळ माझी नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "तिच्यावर पॉलिश तेवढी मी मारली. तांदूळ हिचा आहे. ही तुमच्याच गावची, कटऱ्यांची रीता. इले विचारा."

रीता पुढं आली. "दादाजी, उलटं आहे. मीटरच्या डब्बीत मागच्या धानाचे दाणे चिकटून राहून जाते. मागचं ओलं असन तर तुमचं कोरडं धानही पहिल्यांदा ओलंच दाखवते. ते धरलं तं तुमचं नुकसान. म्हणून टाकतो." मग ती केशोरावांकडं वळली. "आन्‌ हे मी नाही शोधलं. मुनीमजी, तुमी पहिली मूठ मोजता आन्‌ न लिहिता फेकून देता. आठ दिवस मी तेच पाहून राहिली होती."

"मी?" केशोराव म्हणाले. त्यांनी हातांकडं पाहिलं. "फेकतो खरं. कायले फेकतो, ते कधी ध्यानातच नाही आलं बावा."

आता मात्र सगळे हसले, दुपट्टेवालेही. रीताला चहाचा दुसरा कप आला. लीलाधर बाजूला उभा होता. दोन हंगाम तो आकडे बघत बसला आणि मुनीमजीचा हात बघितला नाही. कळलं, आणि कळल्यावर जळणं कमी होईल असं जे वाटलं होतं ते झालं नाही. उलट आता ते नेमक्या जागी जळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या आल्या तो रीताच्या टेबलाशी गेला. "ते फाइलीचं का सांगून राहिली होती तू?"

"गिटले सांगता येते, की हे कमिट फक्त पॉलिशचं होतं, नाव सांगताना याले मोजू नको. एका फाइलीत त्या कमिटचा नंबर लिहा लागते."

"मंग तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

 स्वप्निल खाकरला.

लीलाधरनं नवी फाइल काढली. स्वतःच्या त्या कमिटचा नंबर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला आणि सेव्ह केलं. फॉर्मॅटरनं ती ओळ पाहिली, तिच्यात हलवण्यासारखं काही नव्हतं. मग त्यानं एकेक फाइल उघडून पाहिली. नावं आपापल्या घरी परतली होती. कपातीवर, वरपासून खालपर्यंत, रीता कटरे. ते पान त्यानं लवकर बंद केलं. बिलावर स्वप्निल. आणि जुन्या भागात, गेटपासपासून कोंड्यापर्यंत, लांबच्या लांब, लीलाधर रहांगडाले. कमी झालं होतं. पण अजून पुष्कळ होतं. रीताचं किती आणि आपलं किती, हे बघायचा मोह त्याला झाला, आणि त्यानं बघितलंही.

फोन वाजला. स्वप्निलनं ऐकलं, नाव वाचलं. "रीता, तुझा."

"हो मुनीमजी," रीता फोनवर बोलत होती. "नाही हो, असं का! थँक यू." लीलाधर पडद्याकडं बघत होता, पण त्याचा उजवा कान तिच्या टेबलापर्यंत लांबला होता. पलीकडं काय म्हणताहेत? परत समोसे येणार काय?

फोन परत वाजला. स्वप्निलनं बराच वेळ ऐकलं, ओळ काढली, नाव वाचलं, आणि यावेळी रिसीव्हर प्रसादासारखा दिला नाही.

"भाऊ, तुमचा. तो ट्रक दोनदा नोंदणारा."

"तो? तो तं रीताचा."

"पहा ना."

लीलाधरनं पाहिलं. ती गबाळी ओळ. शेजारी त्याचं नाव, आणि तारीख त्या दिवसांतली, जेव्हा ऑफिसात तो आणि पंखा एवढेच होते. त्यानं डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. मग रीताकडं पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं. ती अजून मुनीमजींशी हसत होती.

त्यानं रिसीव्हर कानाला लावला.

"हाव, बोला," तो म्हणाला. "माझंच आहे ते. करून देतो."